पत्राखाली काज नव्हतं

४ फेब्रुवारी, बुधवार

धाकटे,

तू गेल्याला आज चौथा दिवस. मी सांगतेय, सूनबाई लिहितेय. तिला आधीच बजावलंय की मी बोलेन तो शब्दन् शब्द कागदावर यायला हवा. सुधारायचं नाही, गाळायचं नाही आणि माझ्या तोंडी छान छान शब्द घालायचे नाहीत. ती औषधांच्या दुकानात दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचते. डॉक्टरांचं अक्षर जिला कळतं तिला माझं बोलणं कळायला हरकत नाही.

तू सुखरूप आहेस असं धरून चालते. बोट बुडाली असती तर एव्हाना कळलं असतं.

इकडे जो तो मला तुझ्याबद्दल विचारतो. आजवर गल्लीतली माणसं आपल्याला एकाच हाकेत बोलवायची, 'काज-बटण आहेत का घरात?' तू काजं करणार, मी बटणं लावणार, त्यात थोरली-धाकटी काही नव्हतं. आता तू 'बोटीवाल्या मावशी' झालीस. आणि मी कोण, तर बोटीवाल्या मावशींची बहीण. टेलरसुद्धा शर्टांचं गाठोडं टाकताना म्हणाला, 'नशीब लागतं हो.' मी म्हटलं, 'नशीब नाही, झाकण लागतं.'

मनात ठेवत नाही, सांगून टाकते. दोऱ्याच्या रिळांचा तो डबा मी आणला होता. जिना मी चढले, गुडघा माझा दुखला. तू फक्त झाकण उघडलंस. आणि झाकणाखाली चिठ्ठी निघाली, दोऱ्याच्या कंपनीकडून एका व्यक्तीला एकवीस दिवसांची नदीची सफर, काठावरची जुनी देवळं, खाणंपिणं सगळं फुकट. एका व्यक्तीला. त्या कंपनीत कुणालाच बहीण नसावी. तू म्हणालीस, 'ताई, तू जा.' मी म्हटलं, 'छे, मला पाण्याचं भय वाटतं.' तू लगेच मानलंस. साठ वर्षांत तू माझं दुसरं काही इतक्या पटकन मानलेलं मला आठवत नाही.

सूनबाई म्हणते, आई, तुमच्या पोटात दुखतंय. माझ्या पोटाला काही झालेलं नाही.

बावीस शर्ट आलेत. आधी काज, मग बटण हा आपला नियम. पण तू नाहीस म्हणून मी उलटं केलं, सगळ्यांना बटणं लावून टाकली. आता बटणं आहेत आणि त्यांना शिरायला जागा नाही. तुझ्या खुर्चीवर रचून ठेवलेत. संध्याकाळी खुर्चीत कुणी बसल्यासारखं वाटतं आणि मी एकदोनदा त्या शर्टांशी बोलूनही गेले.

केबिनमधला दुसरा पलंग कुणाला दिला ते कळव. घोरते का, तेही कळव.

खाली बटण शिवलंय, निळं, चार छिद्रांचं. तुझ्या उत्तराखाली आपलं नेहमीचं काज दिसलं पाहिजे. ते नसेल तर पत्र तुझं असं मी धरणार नाही. वाचता येत नाही म्हणून कुणीही उठावं आणि माझ्या गळ्यात काहीही मारावं, असं होणार नाही.

तुझी,
बटण

*

७ फेब्रुवारी, शनिवार

तीर्थरूप ताईंच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

ताई, हे वरचं बाईंनी लिहिलं. मी फक्त 'ताई' म्हणाले होते. त्या म्हणाल्या, मोठ्या बहिणीला पत्र असं एकदम सुरू करत नाहीत. मी म्हटलं, आमची ताई एवढा मोठा नमस्कार बघितला की आधी विचारेल, काय हवंय तुला.

बाई म्हणजे माझ्या केबिनमधल्या. चौतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवून आता घरी बसल्यात. मी सांगते, त्या लिहितात. घोरत नाहीत, झोपेत हजेरी घेतात. परवा एका मुलाला तीनदा हाक मारली आणि उत्तर येईना म्हणून चिडायला लागल्या. मी पांघरुणातूनच 'हजर' म्हटलं, तेव्हा गप्प झोपल्या.

तुझी पत्रं अशीच पुढच्या धक्क्यावरच्या बोटीच्या ऑफिसात पाठव, तिथे मिळतात.

पाण्याचं म्हणशील तर पहिल्या दिवशी मलाही धडकी भरली. कठडा सोडवेना. मग देवळं सुरू झाली आणि कठड्याचा विसर पडला.

नदीच्या उभय तीरांवर प्राचीन मंदिरांची मालिका पसरलेली असून त्यांचे शिल्पवैभव मन मोहून टाकते.

हेही बाईंचंच. मी म्हणाले ते असं, की काठाने देवळंच देवळं आहेत, काही पडकी, काही शाबूत. सकाळी पाणी हललेलं नसलं की दर देवळाखाली एक उलटं देऊळ दिसतं. लोक वरच्याचे फोटो काढतात. मी खालचं बघत बसते. बोटीची लाट गेली की ते मोडतं आणि थोड्या वेळाने आपलं आपण पुन्हा उभं राहतं. वरचं एकदा पडलं ते पडलं.

एका देवळाला दगडाची जाळी आहे, आपल्या खिडकीएवढी. भोकं बारीक, दर भोकाचा आकार वेगळा, पण कडा सगळ्या एका हाताने बसवलेल्या. मी म्हटलं, हा माणूस काजं करणारा असणार. बाईंनी ते वहीत टिपून घेतलं.

तुझ्या पोटाचं ऐकून काळजी वाटली. गरम पाणी पीत जा. बाई म्हणाल्या, ते दुखणं वेगळं आहे. कोणतं ते सांगत नाहीत, नुसत्या हसतात.

खाली काज केलंय. कागद फाटत होता म्हणून मागून चिंधीची पट्टी लावली. चालेल ना?

तुझी,
काज

*

१० फेब्रुवारी, मंगळवार

धाकटे,

काज पोचलं. टाका घट्ट आहे, म्हणजे तब्येत बरी आहे. बाकीचं पत्रही वाचून घेतलं.

त्यात 'बाई' किती वेळा आणि 'ताई' किती वेळा, हे मी सूनबाईला मोजायला लावलं. आकडा इथे लिहीत नाही, थोडी लाज मलाही आहे.

'उभय तीर' म्हणे. साठ वर्षं तू माझ्याशी बोलतेयस, एकदाही उभय म्हणाली नाहीस. आपल्या टेबलाच्या उभय बाजूंना आपण बसत होतो, ते आज कळलं. बाईंना सांग, आमच्याकडे शिल्पवैभव वगैरे चालत नाही. खिडकीएवढी जाळी म्हटलंस ते मला डोळ्यांसमोर दिसलं. ते मालिका का काय पसरलं होतं, ते नाही दिसलं.

त्यांचं शिक्षण त्यांच्यापाशी. पण एक विचारते. तू काहीतरी म्हणालीस आणि त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. तू माझ्यासमोर बसून आजवर काय कमी बोललीस? टेलरच्या चालण्यावर बोललीस, पावाच्या दुकानातल्या म्हातारीच्या मिशांवर बोललीस, हसून हसून माझ्या हातातली सुई पडायची. मी ते कुठे टिपणार होते? माझ्याकडे वही नाही. असती तरी तिच्यात मी काय बटणं लावणार?

आणि झोपेत हजर म्हणायला तुला कुणी सांगितलं? तू कुणाच्या पटावर आहेस? मी हाक मारते तेव्हा तिसऱ्या हाकेला 'काय गं' असं येतं, तेही त्रासून.

इथे सगळं मजेत आहे. तुझ्या पलंगावर दुपारचं ऊन येतं, म्हणून मी तिथेच आडवी होते. पलंग चांगला आहे. इतकी वर्षं चांगली बाजू तू घेतलीस आणि मला पत्ता नाही. माझा मुलगा म्हणतो, आई, तू हल्ली गप्प असतेस. मी म्हटलं, बोलायचं कुणाशी? तू ऑफिसातून येतोस ते बूट काढतानाच पेंगायला लागतोस. तो हसला आणि पेंगायला लागला.

नातवंडं विचारतात, मावशीआजीच्या बोटीला चाकं असतात का. मी म्हटलं, हो, चार. तू आल्यावर तूच निस्तर.

तुम्ही दोघी दिवसभर काय बोलता ते कळव. आणि ते बाईंच्या शब्दांत नको.

बटण पांढरं लावलंय. निळी संपली.

तुझी,
बटण

*

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

ह्या वेळी नमस्कार नाही, उभय नाही. बाईंनी वचन दिलंय की मी म्हणेन तेच लिहितील. तुझं पत्र वाचताना त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, पण एक शब्द गाळला नाही त्यांनी.

काल बोट एका अर्ध्या बुडालेल्या देवळापाशी थांबली. सध्या पाणी उतरलंय, त्यामुळे भिंतीचा खालचा भाग उघडा पडलाय. छोट्या होडीतून आम्हाला अगदी भिंतीपाशी नेलं. भिंतीवर अक्षरं कोरलेली, ओळींवर ओळी. वाटाड्या म्हणाला, ही लिपी आजवर कुणाला वाचता आलेली नाही, भले भले येऊन हात टेकून गेले.

ताई, आमच्यात एक डॉक्टर आहेत, दोन वकील आहेत, बाई आहेत. अक्षरासमोर अशी शिकलेली माणसं खुळ्यासारखी बघत बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. पोस्टात, बँकेत, दवाखान्यात आपण दोघी बघत बसतो, तसंच अगदी. मला हसू आवरेना. बाईंनी विचारलं, काय झालं? म्हटलं, आज सगळा वर्ग माझ्या बाकावर आलाय.

मग बाई भिंतीला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. तरी त्यांना दिसेना. मला म्हणाल्या, 'तुम्ही अक्षरांवरून बोट फिरवा आणि कसं आहे ते मला सांगा.' मी फिरवत गेले. इथे गाठ आहे, इथून टाका सरळ उतरतो, इथे वळसा घेऊन पुन्हा वर. त्या ऐकून वहीत काढत होत्या. एक अख्खी ओळ झाली. दगड गार होता आणि कडा अजून बोटाला लागत होत्या. कुणीतरी केवढ्या निगुतीने काहीतरी सांगून ठेवलंय आणि ऐकणारं कुणी उरलं नाही.

परत येताना बाई म्हणाल्या, तुमची बोटं हुशार आहेत. आणखीही काही म्हणाल्या. ते आत्ता सांगत नाही.

तू विचारलंस, दिवसभर आम्ही काय बोलतो. बरंचसं तुझ्याबद्दल. त्यांना पावाच्या दुकानातल्या म्हातारीचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मूळ गोष्ट तुमच्या बहिणीच्या तोंडून ऐकायला हवी.

ह्या पत्राखाली काज केलेलं नाही. त्या जागी दुसरं काही आहे. सूनबाईकडून नीट बघून घे आणि कसं वाटलं ते लगेच कळव. मी वाट बघतेय.

ताई

*

१५ फेब्रुवारी, रविवार

धाकटे,

पत्र मिळालं. काज मिळालं नाही.

मी कागद उजेडाला धरून पाहिला, उलटा करून पाहिला. काजाच्या जागी काहीतरी वाकडंतिकडं खरडलंय. सूनबाईला विचारलं, हे काय? म्हणाली, 'ताई' असं लिहिलंय. मी म्हटलं, कुणी? ती म्हणाली, पत्र लिहिणाऱ्या बाईंनीच असणार. अक्षर जरा वेडंवाकडं आहे, बोट हलली असेल.

म्हणजे तुमच्या बाईंनी मला ताई म्हटलंय. मी त्यांची ताई कधी झाले? माझ्या आईला मुली दोन. तिसरी झाली असती तर मला कळलं असतं, कारण तुझ्या वेळी गरम पाणी मीच चुलीवरून आणत होते. ताई म्हणायचा हक्क एकीलाच आहे, आणि तो तिने कागदासकट दुसरीला देऊन टाकला. वर आपल्या खुणेची जागाही दिली. आणि मला विचारतेस, कसं वाटलं.

बरं वाटलं. फार बरं वाटलं.

आणि त्या काय म्हणाल्या ते आत्ता सांगत नाहीस. ठीक आहे. आपल्यात 'आत्ता सांगत नाही' हे कधीपासून आलं ते बाईंना विचारून वहीत टिपून ठेव.

तुला एक कळवायचं राहिलं. टेलरने काजांसाठी नवी बाई पाठवलीय. तुझ्याच खुर्चीत बसते. हात सफाईदार आहे, बावीसच्या बावीस शर्ट दोन दिवसांत उडवले. बडबड नाही. दुपारी थोडी आडवी होते, तिला तुझा पलंग दिलाय. माझं तिच्याशी छान जमतं. हसवतेही.

तेव्हा तू घाई करायचं कारण नाही. नदी आहे, देवळं आहेत, बाई आहेत. राहा हवं तितकं. आमचं काही अडलेलं नाही.

सूनबाई लिहिता लिहिता माझ्याकडे बघतेय. मी तिला म्हटलं, बघू नकोस, लिही.

खाली बटण नाही. काजंच नाहीत तिथे बटणं कशाला.

*

१८ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

बाई लिहिताहेत, पण ओळी खाली घसरत असतील तर सूनबाईने सांभाळून घ्यावं. कारण सांगते पुढे.

त्या पत्राखाली 'ताई' मी लिहिलं होतं.

माझ्या हाताने. त्या भिंतीपासून परतताना बाई म्हणाल्या होत्या, जी बोटं दगडावरचं न कळणारं अक्षर ओळखू शकतात त्यांना साधं 'त' का जमू नये. दुपारीच बसवलं मला. रात्रीपर्यंत वहीची सहा पानं खराब केली. 'त' आला, काना आला, पण 'ई' काही येईना, तिची शेपटी भलतीकडेच जायची. बाई म्हणाल्या, पहिल्यांदा मुलं स्वतःचं नाव लिहायला शिकतात, तुम्हीही तेच शिका. मी म्हटलं, माझ्या नावाने मला कोण हाक मारतं? मला 'ताई' शिकवा.

मला वाटलं, सूनबाई वाचेल आणि तुला लगेच कळेल. तुझं उत्तर आलं तेव्हा बाईंनी ते आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. मग म्हणाल्या, तुमच्या बहिणीला वाटतंय मी लिहिलं. आणि हसल्या नाहीत. मीही नाही.

आता दुसरं. बाईंचे डोळे जात चाललेत. औषध नाही त्याला. वर्षभरात अक्षर दिसेनासं होईल असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून ही देवळं डोळे आहेत तोवर बघून घ्यायला त्या आल्या. शेवटच्या धक्क्याच्या गावात त्यांची भाड्याची एक खोली आहे. पुस्तकं भिंतभर. मूलबाळ नाही. परवा म्हणाल्या, 'तुम्ही माझ्याकडे राहा. वर्षात मी तुम्हाला पुरतं वाचायला शिकवते. मग तुम्ही मला वाचून दाखवा.' मी म्हटलं, आमच्या घरी माझी वाट बघतात, काजं पडून असतील.

तेवढ्यात तुझं पत्र आलं.

तू लिहिलंस की खुर्ची भरली, पलंगही भरला, हसवणारीही मिळाली. बरं झालं ताई, मला तुझीच काळजी होती. आता कुणाचं काही अडत नसेल तर जिथे अडतंय तिथे मी राहावं असं वाटतं. बाईंना अजून हो म्हटलेलं नाही. शनिवारी, एकवीस तारखेला, दुपारी बोट शेवटच्या धक्क्याला लागेल. त्याआधी तुझं पत्र पोचायचं नाही, म्हणून हेच शेवटचं समज. उतरल्यावर सरळ त्यांच्या खोलीवर जाईन. माझे कपडे टेलरकडच्या कुणाबरोबर सवडीने पाठव.

त्या नव्या बाईला सांग, खुर्चीचा उजवा पाय सैल आहे. एकदम मागे रेलायचं नाही.

ताई

(हे आत्ताचं 'ताई'सुद्धा माझंच. शेपटी बघ, सुधारली आहे.)

*

२० फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटे,

हे पत्र पेटीत टाकत नाही. माझ्याबरोबर बसने येतंय.

काल दुपारी तुझं पत्र सूनबाईने वाचलं. 'मी लिहिलं होतं' इथे आली आणि थांबली. मी म्हटलं, ते आधीचं पत्र काढ. काढलं. रागाच्या भरात मी त्यावर चहाचा कप ठेवला होता, बरोबर त्या शब्दावर, दोन दिवस. गोल डाग पडलाय. 'त' गेला. काना अर्धा आहे. ती तुझी अवघड शेपटी तेवढी शाबूत आहे. मी ती बोटाने चाचपून पाहिली. कागद दाबून लिहिलंस तू, मागच्या बाजूला उठाव लागतो. पेनने लिहिताना एवढा जोर फक्त तुझ्यासारखी काजवालीच देणार. तेव्हाच हात लावला असता तर मला कळलं असतं. मी नुसतं बघत बसले आणि बघून मला काय कळतं?

मग मी सूनबाईवर ओरडले, ते नव्या बाईचं खोटं तू लिहिलंस कशाला? ती म्हणाली, 'आई, शब्दन् शब्द लिहायचा, गाळायचं नाही, हे तुम्हीच बजावलं होतंत.' मी म्हटलं, अगं पण अक्कल? म्हणाली, 'ती घालू नको असंही तुम्हीच म्हणालात.' चांगली सून आहे. फार चांगली असते कधीकधी.

तर ऐक. नवी बाई कुणी आलेली नाही. खुर्चीत शर्ट आहेत, आता एकतीस झालेत. पलंगावर मी पडते ते ऊन येतं म्हणून नाही, उशीला तुझ्या डोक्याचा खळगा आहे म्हणून. हसवत मला कुणी नाही.

मला वाटायचं की मला बोटीचा हेवा वाटतो. पहिले दोन दिवस वाटलाही. नंतर नुसत्या बोटीचा असता तर किती बरं, असं झालं. तुझ्या बोलण्याला कुणीतरी वही काढली, ते मला सोसेना. आणि आता तू लिहायला शिकलीस, ते तर मुळीच सोसत नाहीये. हे लिही, सूनबाई, गाळू नकोस. आजवर आम्ही दोघी पोस्टात एकमेकींकडे बघून हसायचो. एकीला येत नाही ते दुसरीलाही येत नाही, त्यात मला फार आधार होता. आता खिडकीपाशी मी एकटी उभी राहणार आणि तू फॉर्म भरणार. तुझं कौतुक मला वाटायला हवं. वाटतंय, पण दुसऱ्या नंबरावर.

बाईंची गरज खरी आहे, मी ती नाकारत नाही. मास्तरकी करून डोळे जावेत, हे वाईटच. पण रांग असेल तर मी पुढे उभी आहे. त्या वीस दिवस उभ्या आहेत आणि मी तू जन्मलीस तेव्हापासून.

तू घरी ये. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. हुकूम सोडले, टोमणे मारले, मागितलं नाही. आज मागतेय.

बाई खोलीत एकट्याच असतील तर त्यांनाही म्हणावं, आमच्याकडे खिडकीपाशी एक जागा होऊ शकते, पुस्तकं शर्टांच्या कपाटावर मावतील. नको, हे लिहू नकोस सूनबाई, सहज बोलले. लिहिलंस? शब्दन् शब्द, नाही का. राहू दे मग.

बस उद्या सकाळी सहाची आहे. मुलगा म्हणाला, मी येतो. त्याला म्हटलं, तू झोप. बसवरची पाटी मला वाचता येत नाही, पण तोंड आहे. दोन माणसांना विचारेन, तिसऱ्यानेही तेच सांगितलं की चढेन. धक्क्यावर पाणी आहे ते आहे. मी त्याच्याकडे बघणार नाही, बोटीकडे बघेन.

उतरलीस की हे तुझ्या हातात देईन आणि बाजूला उभी राहीन. बाईंना दिसेल तितकं त्यांनी वाचून दाखवावं, बाकीचं वकिलांपैकी एकाने. मला तोंडी उत्तर देऊ नकोस. आपण दोघींनी तोंड उघडलं की आधी भांडण होतं आणि मुद्दा राहतो. राहणार असलीस तरी कागदावर दे. मी तो कुणाकडून तरी वाचून घेईन, आणि तोवर मला काही कळलेलं नसेल, तेवढंच बरं.

तुझी,
ताई

*

(त्याच पत्राच्या पाठीमागे, पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत)

ताई

बस कीती वाजता आहे

तीकीट तीन काड

मदे मी बसते